परदेशात बसून युरोपातले क्लब फुटबॉल सामने: हक्क, वेळ आणि पडदा

लंडनच्या आर्सेनल क्लबचा पूर्ण हंगाम अमेरिकेत बसून पाहायचा असेल तर तीन ठिकाणी पैसे मोजावे लागतात. प्रीमियर लीगचे (इंग्लंडची सर्वांत वरची लीग) ३८ सामने एनबीसीने घेतलेत, चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) आणि इंग्लंडचा लीग कप पॅरामाउंट प्लसकडे आहे आणि तिथलाच दुसरा कप, एफए कप, ईएसपीएनकडे. त्यातही एक खोच आहे. लीगचे जे सामने यूएसए नेटवर्क या केबल वाहिनीवर लागतात, ते एनबीसीच्या पीकॉक अ‍ॅपवर थेट दिसत नाहीत, नंतर रिप्ले तेवढा मिळतो. त्यामुळे पीकॉक घेतलं म्हणजे लीगचं काम झालं असं धरून चालणाऱ्याचा ऐन सामन्याच्या वेळी हिरमोड होतो. हाच चाहता ऑस्ट्रेलियात राहत असेल, तर २०२५-२६ पासून लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही त्याला एकट्या स्टॅन स्पोर्टवर मिळतात.

हा फरक पडतो कारण प्रक्षेपणाचे हक्क क्लबच्या नावाने विकले जात नाहीत. ते स्पर्धेनुसार आणि देशानुसार विकले जातात, तेही ठरावीक वर्षांसाठी. म्हणून अ‍ॅप निवडण्याआधी एक कागद घ्या आणि आपला क्लब या हंगामात कोणकोणत्या स्पर्धांत आहे ते लिहून काढा: लीग, देशांतर्गत कप (इंग्लंडमध्ये दोन), युरोपातली स्पर्धा, सुपर कप. प्रत्येकासमोर सामन्यांची किमान संख्या मांडा. इंग्लंड, स्पेन आणि इटलीत लीगचे ३८ सामने, जर्मनी आणि फ्रान्समध्ये १८ संघ असल्यामुळे ३४. चॅम्पियन्स लीगच्या साखळीत २०२४-२५ पासून प्रत्येक संघाला ८ सामने. कपच्या पहिल्या फेरीत क्लब बाहेर पडला तर तिथे एकच. आता प्रत्येक ओळीसमोर तुम्ही राहता त्या देशातल्या हक्कधारकाचं नाव लिहा. बहुतेकांच्या लक्षात येतं की दोन सेवांत नव्वद टक्के सामने बसतात आणि तिसरी सेवा फक्त कपच्या तीन-चार सामन्यांसाठी घ्यावी लागते. ती तिसरी क्लब उपांत्य फेरीत पोहोचला तरच घ्यावी.

हक्कधारकाचं नाव शोधताना बातम्यांवर किंवा जुन्या याद्यांवर विसंबू नका. प्रीमियर लीगच्या अधिकृत साइटवर देशवार प्रक्षेपकांची यादी असते, यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या साइटवरही असते, बुंडेसलिगा (जर्मन लीग) आणि ला लिगाही (स्पॅनिश लीग) अशी माहिती देतात. यादी वाचताना तीन गोष्टी पाहा: करार कोणत्या हंगामापर्यंत आहे, सगळे सामने आहेत की निवडक, आणि भाषा कोणती. एकाच देशात इंग्रजी समालोचनाचे हक्क एकाकडे आणि स्पॅनिशचे दुसऱ्याकडे असू शकतात. यूएफाच्या क्लब स्पर्धांचे सध्याचे बरेचसे करार २०२४ ते २०२७ चे आहेत, म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात अनेक देशांत पत्ते पुन्हा पिसले जातील. वर्षभराचं सबस्क्रिप्शन त्या सुमारास आपोआप नूतनीकरणावर ठेवू नये.

२०२५-२६ च्या हंगामातलं चित्र साधारण असं. जर्मनीत चॅम्पियन्स लीग डाझोन या स्ट्रीमिंग सेवेवर, पण मंगळवारचा एक मोठा सामना अ‍ॅमेझॉन प्राइमवर. प्रीमियर लीग तिथे स्कायकडे. फ्रान्समध्ये प्रीमियर लीग आणि यूएफाच्या तिन्ही क्लब स्पर्धा कॅनाल प्लसकडे, तर फ्रेंच लीगने २०२५ मध्ये लीग वन प्लस नावाची स्वतःचीच सेवा काढली. इटलीत तिथल्या सेरी आ या लीगचे सगळे ३८० सामने डाझोनवर दिसतात. कॅनडात चॅम्पियन्स लीगसाठीही डाझोनच. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत प्रीमियर लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही बीइन स्पोर्ट्सकडे, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुपरस्पोर्टकडे. जपानमध्ये प्रीमियर लीग यू-नेक्स्टवर आणि चॅम्पियन्स लीग वॉवॉववर. नावावरून दर्जा किंवा आवाका ठरवू नका. एका देशातला डाझोन आणि शेजारच्या देशातला डाझोन या सामन्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या सेवा समजाव्यात.

एका बाबतीत परदेशातला प्रेक्षक घरच्यापेक्षा सुखी आहे. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं. यूएफाच्या नियमांतल्या ४८व्या कलमाने राष्ट्रीय संघटनांना आठवड्याच्या शेवटी असे अडीच तास राखून ठेवण्याची मुभा दिली आहे. टीव्हीमुळे लोकांनी खालच्या विभागांतल्या मैदानांकडे पाठ फिरवू नये, हा हेतू. म्हणून शनिवारी दुपारी तीनचे प्रीमियर लीग सामने ब्रिटनमध्ये अधिकृतपणे कुठेच थेट दिसत नाहीत. तिथे स्काय आणि टीएनटी या वाहिन्यांवर अनुक्रमे किमान २१५ आणि ५२ असे ३८० पैकी किमान २६७ सामने पडद्यावर येतात. अनेक इतर देशांत मात्र सगळे ३८०. ब्रिटनमध्ये महिनाभरासाठी जाणार असाल तर हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर चांगलं महागडं सबस्क्रिप्शन घेऊनही शनिवारी दुपारी स्कोअर वाचत बसावं लागेल.

काही दिवसांसाठी बाहेर जाताना

युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक नियम कामाचा आहे. १ एप्रिल २०१८ पासून, पैसे भरून घेतलेली ऑनलाइन सेवा युनियनमधल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही जादा आकार न घेता चालू ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे. पॅरिसमध्ये राहणारा कॅनाल प्लसचा ग्राहक आठवडाभर लिस्बनला गेला तरी त्याला आपला फ्रेंच कार्यक्रमच दिसायला हवा. तुम्ही मुळात कुठे राहता याची पडताळणी कंपनी पत्ता, बँकेचा तपशील किंवा करपावती यांवरून करते. प्रवासात अ‍ॅप अडलं तर बहुतेक वेळा ही पडताळणीच राहून गेलेली असते. निघण्याआधी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पुरी करा. फुकट वाहिन्यांवर मात्र हे बंधन नाही. त्यांची इच्छा असेल तर त्या देतात. उपग्रह आणि केबलच्या कनेक्शनलाही हा नियम लागू नाही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन यातून बाहेर आहे, आणि स्वित्झर्लंड या नियमात नाही. युनियनच्या बाहेर पाऊल पडलं की कंपनीचं स्वतःचं धोरण काय आहे तेवढाच प्रश्न उरतो, आणि बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं.

अशा वेळी व्हीपीएन (तुम्ही दुसऱ्या देशात आहात असं भासवणारी इंटरनेट सेवा) सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्याबद्दल स्पष्ट सांगायचं तर सामन्यासाठी तो भरवशाचा उपाय नाही. बहुतेक सेवांच्या अटींत तो निषिद्ध आहे आणि खातं गोठवण्याचा अधिकार त्या राखून ठेवतात. शिवाय तांत्रिक अडचणी आहेतच. व्हीपीएनचे आयपी पत्ते (इंटरनेटवरची कनेक्शनची ओळख) डेटा सेंटरचे असतात, त्यांच्या याद्या प्रक्षेपकांकडे असतात आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी त्या ताज्या केल्या जातात. फोनवरची काही अ‍ॅप्स जीपीएसही तपासतात, त्यामुळे आयपी एका देशाचा आणि ठिकाण दुसऱ्या देशाचं असं दिसलं की पडदा बंद. त्यापेक्षा मुक्कामाच्या देशातल्या सेवेचा महिन्याचा किंवा दिवसाचा पास घेणं बरं, निदान उत्तरार्धात दगा होत नाही.

तो स्थानिक पास घेताना अडतं दोन ठिकाणी. पहिलं, अ‍ॅप सापडतच नाही, कारण फोनमधलं स्टोअर तुमच्या मूळ देशाचं दाखवतं. अ‍ॅपलमध्ये देश बदलायचा तर खात्यातली शिल्लक संपवावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शन्स बंद करून त्यांची मुदत संपू द्यावी लागते. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो. आठवड्याच्या सहलीसाठी यात पडू नका. आधी ब्राउझरमध्ये सेवेच्या साइटवर खातं काढून पाहा, बऱ्याच सेवा तिथेच चालतात. कायमचं स्थलांतर असेल तरच स्टोअरचा देश बदला. दुसरी अडचण पैशांची. काही सेवा त्याच देशात दिलेलं कार्डच घेतात. तिथे त्या सेवेचं गिफ्ट कार्ड किंवा मोबाइल कंपनीच्या बिलातून पैसे भरण्याची सोय आहे का ते बघा. नवीन देशात स्थायिक झालेल्यांनी इंटरनेट कनेक्शन घेतानाच विचारावं, कारण अनेक ठिकाणी क्रीडा वाहिन्या त्याच पॅकेजमध्ये स्वस्तात बसतात.

वेळ आणि तारीख

चॅम्पियन्स लीगचे साखळी सामने मध्य युरोपीय वेळेनुसार संध्याकाळी ६:४५ आणि रात्री ९ वाजता सुरू होतात. रात्रीचे ९ म्हणजे हिवाळ्यात जागतिक प्रमाणवेळेचे २०:००, उन्हाळ्यात १९:००. त्यावरून दुबईत हिवाळ्यात मध्यरात्रीचे १२ आणि उन्हाळ्यात रात्रीचे ११. सिंगापुरात पहाटेचे ४ किंवा ३. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे ३. सिडनीत मात्र घड्याळ उलट दिशेने सरकतं, त्यामुळे जानेवारीत सकाळचे ७ आणि एप्रिलच्या मध्यावर पहाटेचे ५. मंगळवारचा रात्री ९ चा सामना दुबईत हिवाळ्यात आणि सिंगापूरपासून पूर्वेकडे नेहमीच बुधवारी पडतो. रेकॉर्डिंग लावताना सर्वाधिक घोळ याच एका गोष्टीने होतो.

युरोपात घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला पुढे गेली की युरोप २९ मार्चला जाईपर्यंतच्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्कमध्ये सामना एक तास उशिरा, म्हणजे दुपारी ४ ला लागतो. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरीआधीची फेरी नेमकी त्याच काळात असते. याशिवाय २०२६ चा अंतिम सामना ३० मे रोजी बुडापेस्टमध्ये आहे आणि तो नेहमीच्या ९ ऐवजी संध्याकाळी ६ वाजता ठेवला आहे. जुन्या सवयीने टीव्ही लावणाऱ्याला करंडक उचललेलाच दिसेल.

लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यातल्या तारखा कच्च्या असतात. टीव्ही कंपन्या सामने निवडतात तसे ते शनिवारवरून रविवारी, सोमवारी सरकतात. वेळ हाताने टिपून ठेवण्यापेक्षा क्लबच्या साइटवरचं डिजिटल कॅलेंडर फोनला जोडा. ते बदल स्वतःहून घेतं आणि स्थानिक वेळही दाखवतं.

पैसे कधी भरायचे

महिनेवारी घेणाऱ्याने कॅलेंडर समोर ठेवावं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांसाठी क्लब फुटबॉल जवळपास दोन आठवडे थांबतं (२०२६ पासून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्ट्या जोडून एकच मोठी होणार आहे). सुट्टीच्या आदल्या दिवशी महिन्याचा पास घेतला तर निम्मे पैसे वाया. फक्त चॅम्पियन्स लीगसाठी घेतलेली सेवा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रिकामी असते. ती डिसेंबरमध्ये बंद करून साखळीच्या शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी जानेवारीत पुन्हा सुरू करावी. शेवटच्या फेरीत अठराही सामने एकाच वेळी खेळले जातात, तेव्हा एका सामन्यापेक्षा सगळ्या मैदानांवरून गोल दाखवणारा कार्यक्रम लावणं जास्त रंगतदार. वार्षिक योजना ऑगस्टमध्ये घेतलेली बरी, म्हणजे तिच्यात एक अख्खा हंगाम बसतो. फेब्रुवारीत घेतलेली योजना दोन हंगामांत विभागली जाते, आणि मधल्या उन्हाळ्यात हक्क दुसऱ्याकडे गेले तर उरलेले महिने वाया जातात.

चित्र, अडखळणं आणि उशीर

सामना इंटरनेटवरून पाहताना होणाऱ्या बऱ्याच तक्रारी इंटरनेटच्या नसतात. फुल एचडी फुटबॉलला ६ ते ८ एमबीपीएस पुरतात, फोरके ला साधारण २५. मोबाइल डेटावर पाहणाऱ्याने हिशेब असा धरावा: ६ एमबीपीएसने मध्यंतरासह दोन तास म्हणजे सुमारे ५.४ जीबी, ३ एमबीपीएसने त्याच्या निम्मे. दर्जा ‘ऑटो’वर सोडला तर आठवड्याच्या दोन सामन्यांतच छोटा डेटा पॅक संपतो.

वेग भरपूर असूनही कॅमेरा मैदानावरून आडवा फिरताना चित्र झटके देत असेल, तर बहुधा गोष्ट फ्रेम दराची आहे. युरोपातलं प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं असतं. तुमचा टीव्ही किंवा स्ट्रीमिंग बॉक्स ६० वर अडकलेला असेल तर काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात आणि चेंडू टप्प्याटप्प्याने उडत गेल्यासारखा दिसतो. अ‍ॅपल टीव्हीवर सेटिंगमधल्या व्हिडिओ आणि ऑडिओ विभागात ‘मॅच कंटेंट’ उघडून ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा. फायर टीव्हीवर आणि अनेक अँड्रॉइड टीव्हींवरही मूळ फ्रेम दराशी जुळवण्याचा पर्याय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये असतो. अ‍ॅपनेच ते जुळवणं मानलं नाही तर बॉक्सचा आउटपुट सामन्यापुरता हाताने ५० हर्ट्झवर ठेवा. याउलट टीव्हीमधलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, त्याने चेंडूभोवती भुतासारखी सावली येते.

चित्र सतत धुरकट राहत असेल तर यंत्राची कॉपी-सुरक्षेची पातळी तपासा. वाइडवाइन नावाची प्रणाली यंत्रांना पातळ्या देते. एल१ ला एचडी मिळतं, एल३ ला अनेक सेवा साध्या दर्जापलीकडे जाऊ देत नाहीत. स्वस्तातले अनोळखी अँड्रॉइड बॉक्स बहुतेक एल३ निघतात आणि कितीही वेगवान इंटरनेट दिलं तरी सुधारत नाहीत. डीआरएम इन्फो या फुकट अ‍ॅपमध्ये पातळी लगेच दिसते. लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडल्यावर आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर बहुधा मधला अडॅप्टर एचडीसीपी (केबलवरची कॉपी-सुरक्षा) मानत नाही. तो बदलावा, अ‍ॅप पुन्हा टाकून काही होत नाही.

उशिराचं गणितही समजून घ्या. स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, बऱ्याच ठिकाणी सहा सेकंदांच्या. प्लेअर असे दोन-तीन तुकडे साठवूनच दाखवायला लागतो. एन्कोडिंगचा वेळ धरला तर केबलच्या मानाने अर्धा मिनिट मागे असणं सहज घडतं. म्हणून सामना लागण्याआधी स्कोअर अ‍ॅपची सूचना आणि मित्रांचे व्हॉट्सअ‍ॅप गट मूक करा, नाहीतर पेनल्टी घेण्याआधीच निकाल खिशात वाजतो. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं की आणखी मागे पडता. तेव्हा ‘लाइव्ह’चं बटण दाबून पुढे या.

हॉटेलात वेगळीच कटकट. तिथलं वाय-फाय आधी ब्राउझरमध्ये खोली क्रमांक मागतं, आणि छोट्या स्ट्रीमिंग काडीला ते पान भरता येत नाही. शिवाय एकमेकांची यंत्रं दिसू नयेत म्हणून फोनवरून कास्टिंगही बंद केलेलं असतं. प्रवासात सोबत एक छोटा ट्रॅव्हल राउटर असावा: तो हॉटेलच्या वाय-फायला जोडायचा, लॉगिन एकदाच लॅपटॉपवरून करायचं आणि आपली सगळी यंत्रं त्या राउटरवर चालवायची. टीव्हीचं एचडीएमआय रिमोटवरून बदलता येतं का हे खोलीत शिरल्याबरोबर बघा, काही हॉटेलं ते कुलूपबंद ठेवतात.

पैसे न भरता, आणि जिथे जाऊ नये तिथे

फुकट वाहिन्या अजून संपलेल्या नाहीत, विशेषतः कपमध्ये. जर्मन कपचे काही सामने एआरडी आणि झेडडीएफ दाखवतात, इटालियन कप मीडियासेटवर असतो, आणि ब्रिटनमध्ये बीबीसीवर चॅम्पियन्स लीगचे हायलाइट्स येतात. २०२५-२६ मध्ये बुंडेसलिगाने ब्रिटनमध्ये शुक्रवारचे सामने यूट्यूबवरही दिले. हे सगळं त्या-त्या देशाच्या सीमेत. क्लबच्या स्वतःच्या अ‍ॅपवर सराव सामने, युवा संघाचे सामने आणि लीगचे पूर्ण रिप्ले काही तासांनी मिळतात. पहाटे चारला उठणं शक्य नसेल तर रिप्लेच घ्या, फक्त अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्कोअर लपवण्याचा पर्याय आधी चालू करा, कारण रिप्लेच्या चौकटीवरच निकाल छापलेला असतो. रस्त्यात असाल तर क्लबची आवाजी कॉमेंट्री पुरते, तिला तासाला शंभर एमबीही लागत नाहीत.

‘सगळ्या वाहिन्या एका बॉक्समध्ये’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. इटलीत पायरसी शील्ड नावाची यंत्रणा २०२४ पासून बेकायदा प्रवाह तीस मिनिटांत तोडते आणि पाहणाऱ्यालाही ५००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्पेनमध्ये ला लिगाच्या मागणीवरून सामन्यांच्या वेळात आयपी पत्ते इतके सरसकट रोखले जातात की २०२५ पासून तिथल्या साध्यासुध्या दुकानांच्या साइटही शनिवार-रविवारी बंद पडल्यात. वर्षाचे पैसे आगाऊ घेणारा विक्रेता अशा कारवाईनंतर फोन उचलत नाही, आणि कार्डाचा तपशील त्याच्याकडेच राहतो. बॉक्स विकत घेऊन झाला असेल तर निदान त्या कार्डाचा नंबर बँकेतून बदलून घ्या.